आफ्रिकावाल्या काकू

काकूंकडे वाटीभर साखर मागायला गेलं, तरी ती हातात पडायला बराच वेळ लागायचा. आधी त्या झोप कशी झाली ते विचारायच्या. मग नवरा कसा आहे, त्याची झोप कशी झाली, नाशिकला आई-बाबा बरे आहेत ना, घरात सगळं ठीक ना. प्रत्येक प्रश्नाला नुसतं "बरं आहे" म्हटलं तरी चालायचं, पण म्हणावं लागायचं. मग तेच सगळे प्रश्न आपण त्यांना विचारायचे. एवढं पार पडलं की त्या म्हणायच्या, "हं, आता बोल. काय हवंय?" तोवर खाली माझ्या चहाचं आधण आटून गेलेलं असायचं.

"आल्या आल्या साखर मागितली तर त्याचा अर्थ काय होतो?" पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला सुनावलं होतं. "तू साखरेकडे आलीस. माझ्याकडे नाही."

शिकागोजवळ शॉमबर्गला त्यांच्या घराच्या खालच्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहत होतो. दोन हजार तीन साल. नवऱ्याचा एच-वन आणि माझा एच-फोर, म्हणजे त्याने काम करायचं आणि मला कामाची परवानगी नाही. नाशिकला मी कॉलेजात शिकवत होते, इथे दिवसभर खिडकीतून पार्किंग बघत होते. काकू वर एकट्या राहत. वय सदुसष्टच्या आसपास, अंगाने काटकुळ्या, पण आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. मूळच्या अमरावतीच्या. साठच्या दशकाच्या शेवटी नवऱ्याबरोबर अमेरिकेत आल्या आणि इथल्या शाळांमधून त्यांनी गणित शिकवलं. मुलगा सिॲटलला गेला, नवरा वारला. मग साठी उलटल्यावर, लोक क्रूझवर जातात त्या वयात, या बाई स्वयंसेवक होऊन घानाला गेल्या. पार उत्तरेला, बुर्किना फासोच्या सीमेजवळ एक लहान गाव होतं, तिथे मुलींच्या शाळेत गणित शिकवायला. चार वर्षं राहिल्या. दोन हजार एकमध्ये परत आल्या, पण पुरत्या आल्या नव्हत्या. महाराष्ट्र मंडळात सगळे त्यांना ‘आफ्रिकावाल्या काकू’ म्हणायचे, काहीजण कौतुकाने, बरेचसे हसून.

घरात चांगला शॉवर होता, तरी त्या बादलीत पाणी काढून अंघोळ करायच्या आणि भाज्या धुतलेलं पाणी परसातल्या अंबाडीला घालायच्या. अंबाडीचं बी त्यांनी तिकडूनच आणलं होतं. "अमरावती सुटली तशी अंबाडी सुटली होती," त्या सांगायच्या, "ती मला घानात भेटली बाप्पा. बाजरीच्या पिठाची घट्ट उकड आणि वर अंबाडीचं पातळ. पहिल्या घासाला रडले मी. त्या बायांना वाटलं, तिखट लागलं."

त्या गावातलं रोजचं जगणं त्यांच्या बोलण्यात सारखं यायचं. दर तिसऱ्या दिवशी भरणारा बाजार, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कडुनिंब. डिसेंबर-जानेवारीत सहाराकडून धुळीचा वारा सुटायचा, तेव्हा दात घासले तरी तोंडात कचकच उरायची आणि फळ्यावर लिहिलेलं तास संपेपर्यंत धुळीने झाकून जायचं. पहाटे हातपंपावर रांग. काकूंना डोक्यावर बादली घेता यायची नाही. निम्मं पाणी रस्त्यात सांडायचं आणि मागच्या बायका खुशाल हसायच्या. पोरं "नसारा, नसारा" ओरडत मागे धावायची. नसारा म्हणजे गोरा माणूस. "तीस वर्षं अमेरिकेत राहून जे जमलं नाही," काकू म्हणायच्या, "ते तिथे बसमधून उतरल्या उतरल्या झालं. गोरी झाले मी!"

उन्हाळ्यात संध्याकाळी त्या गराज उघडं टाकून ड्राइव्हवेवर बसायच्या. तिकडून आणलेलं एक ठेंगणं लाकडी स्टूल होतं, त्यावर बसून शेंगा सोलायच्या. एकदा एका गोऱ्या बाईला वाटलं, गराज सेल आहे, घरातल्या जुन्या वस्तू विकायला काढल्यात. ती गाडी थांबवून उतरली आणि स्टुलाची किंमत विचारू लागली. काकूंनी झोप कशी झाली इथपासून तिची चौकशी सुरू केली. बाई हळूहळू मागे सरकत गाडीत जाऊन बसली.

मंडळाच्या गणपतीत त्यांना ‘आफ्रिकेतील सेवेचे अनुभव’ या विषयावर बोलायला बोलावलं होतं. काकू उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सेवा-बिवा मी काही केली नाही. पाणी आणता येत नव्हतं, चूल पेटवता येत नव्हती. दुसऱ्यांनी माझी सेवा केली." लोक हसले. मग अध्यक्षांनी माइक घेऊन विचारलं, "पण काकू, तिथले लोक कसे असतात?"

"इथल्यासारखेच. बरेचसे चांगले, काही तुमच्यासारखे."

पुढच्या वर्षी त्यांना कोणी बोलावलं नाही.

त्यांचं एक वाक्य मात्र मला खुपायचं. शेजारच्या म्हाताऱ्या बाईच्या दारातला बर्फ मी न सांगता काढून टाकला, तर काकू म्हणाल्या, "तिला विचारलंस का?" बहिणीसाठी मी एक स्थळ सुचवलं. "तिला विचारलंस का?" कुणाचंही काही भलं करायला जावं आणि वरून हा प्रश्न यावा. मला वाटायचं, मास्तरकीची खोड आहे. तिच्यामागे काय आहे ते मला पुढच्या फेब्रुवारीत कळलं.

सुवर्णा माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, इचलकरंजीची. लग्न होऊन वर्षभरापूर्वी आलेली. तिचा नवरा माझ्या नवऱ्याचा प्रोजेक्ट लीड होता. हुशार, हसतमुख, मंडळाच्या नाटकात काम करणारा. कुणाचं कॉन्ट्रॅक्ट वाढणार आणि कुणाचं नाही, ते त्याच्या शब्दावर ठरायचं. आमचा व्हिसा त्या कॉन्ट्रॅक्टवर लटकलेला होता, हे मला आणि माझ्या नवऱ्याला रोज आठवत असे.

त्या दुपारी सुवर्णा बर्फातून चालत आली. पायांत चपला, मोजे ओले. डावं मनगट सुजलेलं, कातडी ताणून चमकत होती. मी नेमकी वर काकूंकडे होते. "फिरायला निघाले होते," ती म्हणाली.

काकूंनी तिला बसवलं, पायांवर टॉवेल टाकला आणि नेहमीची चौकशी सुरू केली. झोप झाली का. घरी आई कशी आहे. इचलकरंजीला पाणी येतं का रोज. सुवर्णा एकेका प्रश्नाला उत्तर देत होती आणि मी तिच्या मनगटाकडे बघत होते. काकूंनी शेंगदाण्याचं कढत सूप दिलं. तिने ते उजव्या हाताने प्यायलं. डावा हात तिने ओढणीखाली घेतला होता. तासाभराने उठली.

"परत यावंसं वाटलं तर ये," काकू म्हणाल्या. "दार उघडंच असतं. कारण नको."

ती गेल्यावर मी काकूंवर तुटून पडले. "तुम्ही तिचा हात बघितला नाहीत?"

"बघितला."

"मग? 911 लावून पोलिसांना बोलवायला हवं. निदान मंडळातल्या कुणाला तरी सांगायला हवं!"

"तिला विचारलंस का?"

"त्यात विचारायचं काय आहे? ती काय सांगणार आहे?"

काकूंनी सुपाचं भांडं विसळून पालथं घातलं आणि माझ्यासमोर येऊन बसल्या. त्या दुपारी त्यांनी मला लामिसीची गोष्ट सांगितली. घानातल्या त्या गावाबद्दल इतकं ऐकूनही हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं.

लामिसी म्हणजे गुरुवारी जन्मलेली. पंधरा-सोळा वर्षांची, वर्गात गणिताला पहिली. नाताळच्या सुट्टीनंतर शाळेत आली ती गप्प. मैत्रिणींकडून काकूंना कळलं, बापाने तिचं लग्न ठरवलंय, बाजारात दुकान असलेल्या एका मोठ्या वयाच्या माणसाशी. आता शाळा बंद.

"मला काही सुचलंच नाही दुसरं," काकू म्हणाल्या. "मी तिला सरळ माझ्या घरात आणून ठेवली. दोन खोल्या होत्या मला. आतल्या खोलीत ती, बाहेर मी. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा बाप आणि दोन काके आले. भांडले नाहीत, ओरडले नाहीत. अंगणात कडुनिंबाखाली येऊन बसले. तिथे दारात आलेल्या माणसाला आधी पाणी देतात. वैरी आला तरी देतात. मी दिलं नाही. दुपारपर्यंत ते तसेच बसून होते आणि मी दारात उभी. मला वाटत होतं, मी मोठी शूर आहे. दुपारी मिशनची जीप आली. मी लामिसीला त्यांच्या डोळ्यांदेखत जीपमध्ये बसवलं आणि मोठ्या गावी नन्सच्या होस्टेलला पाठवून दिलं. ते तिघं उठले आणि निघून गेले. एक शब्द बोलले नाहीत."

"मग बरोबरच केलंत की," मी म्हटलं.

"थांब. बापाने त्याच आठवड्यात लामिसीच्या आईला घराबाहेर काढलं. मुलीला फूस तिनेच दिली म्हणून. सीमेपलीकडे माहेरी पाठवून दिली. धाकटी पोरं ठेवून घेतली. त्या महिन्यात गावातल्या कितीतरी बापांनी मुली शाळेतून काढल्या. आणि लामिसी? सुट्टीत भेटायला गेले तर मला म्हणाली, ‘मॅडम, माझी आत्या बाबांशी बोलणार होती. तिचं ते ऐकतात. थोडं थांबायचं होतं. तुम्ही मला विचारलंच नाही.’"

काकू उठून पालथं घातलेलं भांडं पुसायला लागल्या. मग म्हणाल्या, "आत्याचं त्याने ऐकलं असतं की नसतं, कोणाला ठाऊक? नसतंही ऐकलं. पण आईचं घर मोडलं ते मी मोडलं. पोरगी एक अख्खी रात्र माझ्या घरात होती. मी तिला जेवू घातलं, धीर दिला, इंग्रजीत भाषण दिलं. फक्त विचारलं नाही."

संध्याकाळी मी नवऱ्याला सुवर्णाच्या हाताबद्दल सांगितलं. तो बूट काढता काढता थांबला.

"बर्फावर घसरली असेल."

"तुला खरंच तसं वाटतं?"

"नाही वाटत," तो म्हणाला. "पण तो माझा लीड आहे यार. जूनमध्ये एक्स्टेन्शन आहे. तू यात पडू नकोस, प्लीज." जेवताना तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "काकू काय म्हणतात?"

"काकू म्हणतात, थांब."

"मग थांब ना."

ते थांबणं सोपं नव्हतं. सुवर्णा त्यानंतर दोनदा आली. एकदा काहीच दिसत नव्हतं, एकदा मानेवर होतं. दोन्ही वेळा काकूंनी सूप दिलं आणि इकडचं-तिकडचं बोलल्या. निघताना एकच प्रश्न विचारला, "काय करावंसं वाटतंय तुला?" सुवर्णा मान हलवायची, "माहीत नाही." एकदा काकूंनी तिला पोलिसांचा नंबर, बायकांना मदत करणाऱ्या संस्थेचा नंबर आणि आमचे दोघींचे नंबर पाठ करायला लावले, पाढे पाठ करून घेतात तसे, कागदावर काही न लिहिता. मी खाली येऊन रडायचे. त्या घरात एक दिवस तिचा जीव जाईल आणि आपण इथे सूप देत बसलेल्या असू, असं मला वाटायचं. आजही मला काकूंचं ते थांबणं पूर्ण पटलेलं नाही.

मार्चमध्ये एका दुपारी मी वर काकूंकडे असताना ती आली ती किराणाच्या पिशवीत दोन कपडे कोंबून. "मी आले," एवढंच म्हणाली. काकूंनी दाराला कडी घातली. त्या कधी कडी घालत नसत.

पंधरा-वीस मिनिटांत बेल वाजली. दाराशेजारच्या काचेच्या उभ्या पट्टीतून त्याचं जॅकेट दिसलं. गाडी ड्राइव्हवेवर तिरकी उभी होती, इंजिन चालूच.

"काकू, दार उघडा," तो हसऱ्या आवाजात म्हणाला. "सुवर्णा आहे ना तिथे? थोडी अपसेट आहे ती. घरगुती आहे हो आमचं."

माझा मोबाइल वाजला. नवरा होता. "अगं, त्याचा आत्ता मला फोन आला होता. तुझी बायको माझं घर फोडतेय म्हणतो. ती तिथे आहे का?"

"आहे."

मला त्याच्या ऑफिसातला प्रिंटर ऐकू येत होता. मग तो म्हणाला, "दार उघडू नका. मी निघतोय." ऑफिसातून आमचं घर चाळीस मिनिटांवर होतं.

बेल पुन्हा वाजली आणि वाजतच राहिली. मग दारावर मूठ बसली. काचेची पट्टी थरथरली. मी 911 चे दोन आकडे दाबले होते.

"थांब," काकू म्हणाल्या. त्यांनी स्टूल ओढलं आणि सुवर्णाच्या समोर अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. "सुवर्णा, माझ्याकडे बघ. पोलिसांना बोलवायचं? इथे राहायचंय? घरी जायचंय? जे म्हणशील ते करू. आम्ही दोघी आहोत."

सुवर्णा दाराकडेच बघत होती. बाहेर त्याचा आवाज चढला. "म्हातारे, दार उघड! माझी बायको आहे ती!"

"काकू, मी लावते फोन," मी म्हटलं.

"फोन तयार ठेव. ती म्हणाली की लाव. त्याने काच फोडली तर तिला न विचारता लाव."

मी काकूंच्या हातांकडे बघितलं. दोन्ही हातांनी त्यांनी स्टुलाची कड आवळून धरली होती. त्या घाबरल्या होत्या. मला तोवर वाटत होतं की त्यांना सगळं माहीत आहे, पुढे काय होणार ते त्या ओळखून आहेत. तसं काही नव्हतं.

सुवर्णा उठली. "मला त्याच्याशी बोलायचंय," ती म्हणाली. "दार न उघडता. तुम्ही इथेच थांबा."

ती दाराजवळ गेली आणि बंद दाराशी बोलायला लागली. इतकं हळू, की बाहेर दार ठोकणं थांबवल्यावरच त्याला ऐकू गेलं. "मी येणार नाही. मला रोज भीती वाटते तुझी. लिफ्टचा आवाज आला तरी वाटते."

बाहेर शांत झालं. मग तो रडायला लागला. दारावरच्या ठोक्यांपेक्षा ते ऐकणं मला अवघड गेलं, कारण ते रडणं खोटं वाटत नव्हतं. "सॉरी गं. खरंच सॉरी. प्रोजेक्टचं टेन्शन असतं, मला कळत नाही मी काय करतो. आईला काय सांगू मी? एकदा दार उघड. हात नाही लावणार. तुझी शपथ."

सुवर्णाचा हात कडीकडे गेला.

मी पुढे झेपावले. काकूंनी माझं कोपर धरलं. त्या काटकुळ्या बाईच्या पकडीत इतकी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. त्यांची नजर त्या कडीवरच्या हातावर होती. मला त्या क्षणी त्यांचा संताप आला. एवढी तत्त्वं आणि समोर एक मुलगी दार उघडून मरायला चालली आहे.

सुवर्णाची बोटं कडीवर होती. बाहेर तो तिचं माहेरचं लाडकं नाव घेऊन हाक मारत होता. ती कपाळ दाराला टेकवून उभी राहिली. किती वेळ, मला सांगता येणार नाही. मग तिने हात खाली घेतला आणि मागे वळली.

"ताई," ती मला म्हणाली, "करा फोन."

पोलीस आले तेव्हा तो ड्राइव्हवेवर बसून होता. आत आलेली अधिकारी एक तरुण बाई होती. तिने इंग्रजीत विचारायला सुरुवात केली आणि काकू सवयीने सुवर्णाच्या वतीने उत्तर द्यायला लागल्या. पहिल्याच वाक्याला त्या अडखळल्या, थांबल्या. "शी विल टेल यू," म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. सुवर्णाने मोडक्यातोडक्या इंग्रजीत स्वतःच सगळं सांगितलं. मी आत गेले तर काकू सिंकला धरून उभ्या होत्या. नळ फुल सोडलेला, पाणी नुसतं वाहत होतं. पाणी असं वाया जाताना मी त्यांच्या घरात प्रथमच बघत होते.

"तिने उघडलं असतं तर?" मी विचारलं. माझा राग अजून गेला नव्हता.

"मला काय माहीत?" त्या माझ्यावरच खेकसल्या. "काहून विचारतेस मला? तुला वाटलं का, मला माहीत होतं? तुझा हात धरला तो तुला थांबवायला नाही धरला. मी स्वतःच धावत सुटले असते."

माझा नवरा पोचला तेव्हा पोलीस त्याच्या लीडला गाडीत बसवून नेत होते. दोघांची नजरानजर झाली. त्याने गाडी रस्त्याच्या कडेला लावली आणि आत येऊन सुवर्णाला विचारलं, "जेवलीस का?" त्याच्याबद्दल आठवावं असं खूप आहे, पण मला आधी तेच आठवतं.

जूनमध्ये माझ्या नवऱ्याचं एक्स्टेन्शन झालं नाही. कारण बजेटचं सांगण्यात आलं. मंडळात दोन तट पडले. एका गटाचं म्हणणं होतं, काकूंनी एक सोन्यासारखा संसार मोडला. दुसऱ्या गटाचं म्हणणं होतं, सुवर्णाने इथेच राहून केस शेवटपर्यंत लढवावी. सुवर्णा काही महिने काकूंच्या वरच्या खोलीत राहिली. संस्थेने दिलेल्या वकील बाईंच्या मदतीने घटस्फोटाचं मार्गी लावलं आणि मग इचलकरंजीला परत गेली. दोन्ही गट नाराज झाले. आता तिथे ती कॉम्प्युटरचे क्लास चालवते आणि दिवाळीला फोन करते. आम्ही नवीन नोकरी मिळवून पिस्कॅटवेला, न्यू जर्सीत आलो. ते काही महिने कसे गेले, ते इथे सांगत नाही.

काकूंनी मात्र त्या वर्षी पुन्हा घानाला जायचा अर्ज केला. मुलगा सिॲटलहून आला. "मॉम, यू आर ऑलमोस्ट सेव्हन्टी," तो परत परत म्हणत होता. काकू त्याला अंबाडीची भाजी वाढत होत्या. हे आणि जाण्याचं कारणही त्यांनीच मला फोनवर सांगितलं. लामिसी आता त्याच गावात शाळेत शिकवते असं त्यांना कळलं होतं. "तिची आई शोधायची आहे मला. सीमेपलीकडचं गाव माहीत आहे. जाऊन माफी मागेन, आणायची असेल तर आणेन. मरायच्या आधी एवढं एक."

गेल्या त्या. तिकडे तोवर मोबाइल पोचले होते, पण सिग्नल एका ठरावीक टेकाडावरच यायचा. काही महिन्यांनी त्यांचा फोन आला. माझ्या झोपेपासून आमच्या नव्या बाळापर्यंत सगळी चौकशी झाली, मी उलट सगळी चौकशी केली आणि मग धीर न धरता विचारलं, "सापडली का लामिसीची आई?"

"शोधली नाही."

"का?"

"लामिसी नको म्हणाली."

फोनमध्ये तिकडचा वारा घोंघावत होता.

"पहिल्याच दिवशी विचारलं मी तिला," काकू म्हणाल्या. "तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, नको. कारण सांगितलं नाही. मी मागितलंही नाही."

"मग आता परत येताय?"

"कशाला? इथं दहावीला गणिताला कोणी नाही."

त्यानंतर त्यांचे फोन येत राहिले, कधी दोन महिन्यांनी, कधी चार. लामिसीचा उल्लेख शाळेतली सहकारी म्हणून यायचा. तिने फळा रंगवून घेतला, तिला मलेरिया झाला, ती आपल्याशी जरा तुटक वागते पण मुलींना छान शिकवते. आईचा विषय दोघींत पुन्हा निघाला नाही, असं काकू म्हणायच्या. मुलाने शॉमबर्गचं घर विकलं, त्याला त्यांनी हरकत घेतली नाही.

दोन हजार आठच्या मे महिन्यात मी मुलीला डेकेअरला सोडून गाडीत बसत होते. लांबलचक अनोळखी नंबर होता. एक बाई शांत, जपून बोलल्यासारख्या इंग्रजीत बोलत होती. तिने आधी माझी झोप, माझं घर, माझी मुलगी, सगळं विचारलं. माझ्या लक्षात आलं की ही कोण आहे आणि पुढे काय सांगणार आहे. तरी मी प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं आणि तिला तेच विचारलं. तिनेही सगळ्याला "बरं आहे" म्हटलं.

मग लामिसीने सांगितलं की मॅडम काल सकाळी गेल्या. चार दिवस ताप होता. हॉस्पिटलात नेलं होतं, ती पूर्ण वेळ जवळ होती. मुलाला कळवलंय, पण त्याला व्हिसा मिळून पोचायला वेळ लागेल आणि इथल्या उन्हाळ्यात तेवढं थांबता येत नाही. त्याने फोनवर परवानगी दिली आहे. शाळेच्या मुली आज वर्गात बसलेल्या नाहीत, सगळ्या अंगणात आहेत. गावातली बरीच माणसं आली आहेत. तिचे वडीलही सकाळपासून येऊन बसले आहेत.

मी रडत होते. "आता कधी करणार सगळं?" मी कसंबसं विचारलं.

"आज संध्याकाळी करायचं होतं," लामिसी म्हणाली. "पण मी सगळ्यांना उद्या सकाळपर्यंत थांबायला सांगितलंय. माझी आई निघाली आहे. सीमेपलीकडून यायला तिला रात्र होईल."